‘एएमएच कमी’ म्हणजे नक्की कोण कमी?

हल्ली समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पर्समधून एक कागद हमखास निघतो, एएमएचचा रिपोर्ट. म्हणजे अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. पाठोपाठ प्रश्न: “मॅडम, माझी बीजं संपत आलीत. मी आई होऊ शकेन ना?”

त्यांतलीच ही एक, ३१ वर्षांची. पाळी नियमित, मुलासाठी प्रयत्न सुरू करून जेमतेम चार महिने. हौसेनं केलेल्या तपासणीत एएमएच निघाला ०.८. डॉक्टर म्हणाल्या, “वयाच्या मानानं कमी आहे, फार लांबवू नका.” तेव्हापासून झोप उडालेली.

दुसऱ्याच भेटीत मी तिला सगळं समजावलं होतं. अंडाशयातल्या वाढीला लागलेल्या छोट्या बीजकोशांतून हे संप्रेरक रक्तात येतं, त्यावरून साठ्याचा अंदाज बांधतात. जन्मताच १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात फार तर ४००-५००. बाकीची आपोआप विरतात. बीजाचा कस मुख्यतः वयावर ठरतो, त्याबद्दल हा आकडा फारसं काही सांगत नाही. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) इंजेक्शनांनी किती बीजं हाती लागतील, हे सांगायला तो कामाचा. पण दिवस राहायला महिन्याला एकच बीज पुरतं. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही.

तिनं मान डोलावली. आणि तिसऱ्या भेटीत पुन्हा तोच प्रश्न! माहितीनं भीती जात असती, तर आमची गरजच नव्हती. माणूस स्वतःशी जे वाक्य घोकत असतो, ते सापडावं लागतं. इतक्या वर्षांत माझे कान त्याला सरावलेत म्हणा ना. बोलता बोलता ती म्हणाली, “आता मीच कमी आहे म्हटल्यावर...”

मी तिला थांबवलं. कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. ‘माझा एएमएच कमी आहे.’ ‘मी कमी आहे.’ कागद तिच्याकडे सरकवला.

“यातलं रिपोर्टमध्ये कुठलं आहे?”

ती बराच वेळ बघत राहिली. बोट पहिल्या ओळीवर टेकलं. “हे.”

“आणि दुसरं कुणी लिहिलं?”

“ते... घरी परतताना गाडीत. मीच.” मग ती रडली. पण आधीच्या दोन भेटींसारखी नाही. डोळे पुसून तिनं विचारलं, “मग आता करायचं काय?” महिनाभरात पहिल्यांदाच तिनं हे विचारलं होतं.

आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हताच. दुसरं मूल हवं असेल किंवा बीजं गोठवायची असतील, तर वेळेचा हिशेब लवकर मांडावा लागतो. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत डॉक्टरांना गाठावं, असा साधारण दंडक. चाळिशीनंतर तेवढंही थांबू नये. हिच्या बाबतीत डॉक्टरांनी सहा महिन्यांनीच या म्हटलं, ते मला पटलं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच कमी दिसू शकतो, हेही तपासणीआधी सांगायला हवं. पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडात तो उलट जास्त असतो, म्हणून जास्त आकड्यानंही हुरळून जाऊ नये.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. या सगळ्यात नवरा कुठे होता? त्याला तिनं आकडा सांगितलाच नव्हता. चौथ्या भेटीला दोघं आले. तिनं फाइल त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाचली, परत वाचली.

“आणि माझी तपासणी कधी करायची?” त्यानं विचारलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.