अलिबाग ते मालवण किनाऱ्याने गाडीने जायचंय. बोटी रद्द झाल्या तर जलदुर्गांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: आईवडील आणि दोन मुलांना घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने अलिबागहून मालवणपर्यंत जायचंय, वाटेत जंजिरा, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग बघायचेत, पण ऐनवेळी बोटी बंद झाल्या तर सगळी सहलच वाया जाईल अशी भीती वाटते. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. हा रस्ता आम्ही लहानपणापासून तुकड्यातुकड्याने केलाय आणि आईला घेऊन सलगही केलाय. बोट न मिळाल्याने सहल वाया जात नाही. ती वाया जाते एका दिवसात एकच बेत ठेवल्याने, आणि तोही दुपारी.

आधी वाऱ्याचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे रोज डोळ्यांसमोर घडतं. पहाटे जमिनीकडून हलका वारा असतो, पाणी शांत असतं. ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुटतो, आणि फेब्रुवारीपासून पुढे दुपारी वायव्येचा वारा चांगलाच जोर धरतो. जलदुर्गांना बोट लावायची म्हणजे खडकांजवळ जायचं, आणि नेमकं तिथेच लाटेने बोट आपटते. म्हणून ज्या किल्ल्याला बोट लागते तो सकाळी. जेवण, देऊळ, प्रवास सगळं त्यानंतर. एवढं पाळलंत तरी बोट चुकायची शक्यता पुष्कळ कमी होते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कोकणात जुनी माणसं घड्याळाआधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी नवाला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. मुंबई-अलिबागकडे हा हिशोब बराच जुळतो, खाली मालवणकडे भरती थोडी आधी येते आणि तिथे पाण्याची चढउतारही उत्तरेपेक्षा बरीच कमी असते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते बघाच, पण गावातल्या माणसाशी बोलताना तिथी माहीत असली की बोलणं सोपं जातं.

हे अलिबागलाच कामी येतं. कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, पुढे तो आंग्र्यांचं ठाणं झाला, आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. बोट नको, वाट बघणं नको. चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा मुहूर्त धरलात तर सकाळी नऊ-दहाला पाणी उतरलेलं असतं आणि आईवडीलही सावकाश जाऊ शकतात. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचा तलाव आहे. पाणी उतरत असतानाच आत शिरा आणि ते चढायला लागायच्या आत बाहेर या. परतताना घोट्याला पाणी लागायला लागलं की मुलांना मजा वाटते, पण ते फार भराभर चढतं.

मुरुडला पोचलात की जंजिरा. राजपुरी, खोरा बंदर, आणि खाडीपलीकडून दिघी, तिन्हीकडून बोटी जातात. राजपुरीच्या शिडाच्या होड्या मुलांना खूप आवडतील. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही आणि त्याचं कारण दरवाज्यासमोर बोट थांबली की समजतं. राजपुरीकडे तोंड असूनही दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पण तुमच्या आईवडिलांचं आधी ठरवा. आम्ही गेलो तेव्हा होडी दरवाज्याजवळ वरखाली होत होती आणि ती वर आली की पायरीवर पाऊल टाकायचं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जड जातं. माझी आई होडीतच बसून राहिली, आणि तिथल्या एका मावशींनी तिला एकटं वाटू दिलं नाही. ज्यांना उतरायचं नाही त्यांनी राजपुरीच्या वरच्या रस्त्यावर गाडी थांबवून किल्ला बघावा, तिथून तो संपूर्ण दिसतो.

मुरुडच्या किनाऱ्यावरून समोर पद्मदुर्ग दिसतो, त्याला कासा किल्लाही म्हणतात. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी तो बांधला. तिथे जायला बोट मिळेलच असं नाही. पण मिळाली आणि समुद्र शांत असला तर जंजिरा थोडा आवरता घ्या पण हा सोडू नका. त्याच्या तटात एक गोष्ट आहे जी मी दुसरीकडे कुठे इतकी ठळक पाहिली नाही. लाटांच्या माऱ्याने दगड आत झिजत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा उभा आहे. बोट घातलं तर दगडाच्या खळग्यात अर्धं आत जातं आणि चुन्याची कड अजून टणक लागते. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या पाण्याला तो चुना पुरून उरलाय.

इथून पुढे खाड्या लागतात. आगरदांडा-दिघी, मग श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून बागमांडला-वेश्वी, पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. गाडीसकट पलीकडे नेणाऱ्या या फेरीबोटींना आमच्याकडे जंगल जेट्टी म्हणतात. त्या खाडीतल्या असल्याने किल्ल्याच्या बोटीइतक्या सहज बंद पडत नाहीत. रविवारी संध्याकाळी मात्र परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि शेवटच्या फेरीची वेळ चुकली तर मोठा वळसा पडतो. त्यामुळे खाडी शक्यतो दुपारी ओलांडा. समुद्र खवळलेला असायची वेळ तीच, म्हणजे तसाही किल्ला बघायचा नसतो.

आता सुवर्णदुर्ग, कारण आमची बोट फिरली ती इथेच. हर्णै बंदरातून आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आदल्या घाटावर फेरीला उशीर झाला होता आणि सकाळ हातातून गेली होती. बंदराच्या आडोशातून बाहेर पडेपर्यंत काही वाटलं नाही. पुढे मात्र पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले. तटाच्या जवळ गेल्यावर नाखवाकाकांनी इंजिन हळू केलं, थोडा वेळ नुसतं पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज किल्ल्याला बोट लागायची नाय. उतरवीन मी तुम्हाला, पण परत घेताना पंचाईत होईल." आम्ही गेलो तेव्हा तिथे धक्का नव्हता, गुडघाभर पाण्यात उतरावं लागायचं. माझा भाऊ म्हणाला, "काका, पाच मिनिटं तरी." काकांनी मान हलवली आणि सुकाणू फिरवलं. मला त्यांचं फार बरं वाटलं. पैसे घेऊन उतरवणं त्यांना सोपं होतं. त्यांनी आम्हाला तटाच्या बाजूबाजूने आडोशाला फिरवलं, दरवाजा लांबून दाखवला आणि परत आणलं. पैसे अर्धेच घेतले.

ती दुपार मग जमिनीवर गेली, आणि चांगली गेली. हर्णैला सुवर्णदुर्गासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे किल्ले आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे. तिथे उभं राहिलं की सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामधली पाण्याची पट्टी अशी समोर येते की आरमारासाठी हीच जागा का निवडली ते वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने १७५५ मध्ये पेशव्यांच्या साथीने सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तेव्हाच्या तोफा कुठून कुठे चालल्या असतील हे मुलांना तिथे उभं राहून दाखवता येतं. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीवरूनही सुवर्णदुर्ग फार सुंदर दिसतो. तुमच्या आईवडिलांसाठी ती जागा सर्वांत सोयीची. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव लागतो, मासे खात नसाल तरी एकदा बघाच.

मुक्काम आम्ही तिथेच ठेवला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा बंदरावर गेलो. तोच समुद्र तेलासारखा पसरला होता. सुवर्णदुर्गाच्या दरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि शेजारच्या तटावर मारुती. ओल्या पायांनी आत शिरताना ते कासव आधी पायाशी येतं. मुलं त्याच्यावर पाय न ठेवता बाजूने गेली, कोणी सांगावं लागलं नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की बोटीच्या प्रत्येक ठिकाणी रात्रीचा मुक्काम पडेल असा रस्ता आखा. हर्णैला एक रात्र, मालवणला दोन. घरगुती राहण्याची सोय असेल तिथल्या मालकांना आदल्या संध्याकाळीच विचारा, "उद्या बोटी लागतायत का?" त्यांना नक्की माहीत असतं. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर प्रश्नच मिटला. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा रोज येतो, तो बघत जा. आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेल असं नसतं. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, क्यार वादळ किनाऱ्यापासून लांबून गेलं तरी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लाटांनी झोडपलं होतं. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यापासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्यांच्या बोटी बंदच असतात, तेव्हा त्या दिवसांत हा बेत ठेवूच नका.

रत्नागिरीच्या पुढे विजयदुर्ग येतो. तुमच्या यादीत तो नाही, याचं मला वाईट वाटलं. तो घालाच. पूर्वी त्याला चारी बाजूंनी पाणी होतं, आता गाडी थेट दाराशी जाते, म्हणजे बोट असो नसो, हा जलदुर्ग तुम्हाला मिळणारच. त्याला तिहेरी तटबंदी आहे. इंग्रजांच्या आरमाराने १७५६ मध्ये आंग्र्यांचं हे सर्वांत बळकट ठाणं घेतलं. वाघोटनच्या खाडीत आत, गिर्ये गावाकडे, आंग्र्यांनी जहाजांसाठी बांधलेली गोदी आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यातले अलिबागजवळ थळसमोरचा खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार तुमच्या या एकाच रस्त्यावर आहेत.

मालवणला सिंधुदुर्ग बघा पहिल्या सकाळी. वारा आडवा आला तर दुसरी सकाळ हाताशी राहते. कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधकामाला सुरुवात झाली. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. महाराजांचं देऊळ आहे, चुन्यात उमटलेले त्यांच्या हातापायाचे ठसे दाखवतात. धक्का ते किल्ला अंतर थोडंच आहे पण मधे पाण्याखाली खडक आहेत, तिथल्या माणसांनाच वाट माहीत. बोट गेलीच नाही तर मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा महाराजांनी तिथे केली. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग कोरलेले आहेत आणि समोर सगळा सिंधुदुर्ग. फार कमी लोक तिथे जातात.

देवबागला डॉल्फिन आणि त्सुनामी बेट अशी फेरी विकतात. ते बेट म्हणजे कर्ली खाडीच्या तोंडाशी असलेली वाळू, भरतीला ती पाण्याखाली जाते, तेव्हा ओहोटीची वेळ विचारूनच ठरवा. या फेऱ्यांचे पैसे आधी भरू नका. भरावे लागलेच तर "बोट नाही सुटली तर पैसे परत का?" हे चारचौघांत विचारून घ्या. एका ठिकाणी आमचे आगाऊ पैसे "पुढच्या वेळी या" म्हणून अडकवून ठेवले होते. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पट्ट्या बांधून. मुलांच्या मापाचं नसेल तर त्या बोटीत बसू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरायला लाजू नका. आणि नाखवा "नको" म्हणाला तर त्याला जास्त पैसे देऊ करू नका. त्याचं पोट त्या फेरीवर आहे, तरी तो नको म्हणतोय.

कधी निघताय ते तारखेसकट लिहा, तिथी बघून कुलाब्याची ओहोटी आणि देवबागची वेळ मी काढून देते.