ऑर्गनचे सूर बिघडलेले नाहीत, लाकूड फुगलंय

तुमची अडचण अशी: आजोबांच्या वेळचा अमेरिकन पायऑर्गन कायम कोकणातल्या घरात, श्रावणात नाटकासाठी पुण्याच्या एसी नाट्यगृहात न्यायचाय. एक पट्टी दाबली की सूर वाजतच राहतो, आणि कारागीर म्हणतोय सगळे सूर नव्याने लावू.

त्याला हात लावू देऊ नका. पियानोचा साउंडबोर्ड पावसात फुगतो, त्याची कमान वर येते, तारा ताणल्या जाऊन स्वर चढतो. ऑर्गनमध्ये तार नाही, पितळेची जीभ असते, आणि पितळ काही दमट हवा पीत नाही. सूर लावायचे म्हणजे ही जीभ घासायची, आणि घासलेली जीभ पुन्हा भरून येत नाही.

दोष पट्टीखाली आहे. तिथे पेन्सिलीएवढी लाकडी दांडी असते, ती खाली सरकून झडप उघडते. पावसाळ्यात दांडी फुगून भोकात आवळते, झडप मिटतच नाही. पट्टी काढा, दांडी ओढून काढा, मऊ पेन्सिलीचं शिसं तिच्यावर चोळा आणि परत घाला. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. तेल किंवा स्प्रे नको. पॉलिश पेपरही नको, जुलैत घासलेली दांडी मार्चमध्ये खुळखुळते.

खरी धास्ती एसीची आहे. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीबरोबर ऑर्गन गावोगाव फिरला, पण तेव्हा थिएटरातली हवा साधारण बाहेरच्यासारखीच असायची. आता प्रयोगाच्या आधी एसी चालू, रात्री बंद. महिनोन्महिने ओल प्यायलेली फळी वरून झपाट्याने सुकते, आत ओलीच राहते, आणि तडकते. नाहीतर सरसाचा जुना सांधा सुटतो. हा ऑर्गन हवा आत ओढून वाजतो; सांधा सुटला की मग पायाने कितीही मारा, हवेची ओढ टिकत नाही. निघण्याआधी एक करा: चार-पाच वेळा पायडल मारून पाय काढा, पट्टी न दाबता ओढ किती सेकंद टिकते ते लिहून ठेवा. पुण्यात पोचल्यावर तेच पुन्हा पाहा.

आदल्या दिवसापासून नाट्यगृह मिळालं तर उत्तम (भाडं कोण भरणार, हा प्रश्न आहेच). नाहीतर आठ-पंधरा दिवस आधी आणून पुण्यात कुणाच्या तरी बिनएसी खोलीत ठेवा. प्रयोगाच्या दिवशी जाड चादरीत गुंडाळून न्या, आत गेल्यावरही चादर लगेच काढू नका. एसीच्या झोताखाली आणि विंगेतल्या दिव्यांजवळ ठेवू नका.

तालमीत एखादा सूर मुका झाला तर लगेच दमटपणाला दोष देऊ नका. आपली पेटी हवा बाहेर फेकते. हा ऑर्गन हवा आत ओढतो, म्हणजे रंगमंचावरच्या गालिच्याची धूळ थेट सुरांत. तो सूर, म्हणजे त्याची पितळी जीभ, आकड्याने ओढून काढा, मऊ ब्रशने झटका, बसवा.

पावसाळ्यात आत बल्ब पेटवून ठेवायचा जुना उपाय कुणीतरी सुचवेलच. माझा त्याला विरोध आहे: एलईडी दिवा पुरेसा तापत नाही, आणि जुना बल्ब भात्याच्या रबरी कापडाशेजारी रात्रभर तापता ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.