तीन द्राक्षांची एक वाइन

प्रश्न : मुलाने फ्रान्सहून ‘कोत द्यु रोन’ नावाची लाल वाइन आणली आहे. आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुधा एकाच द्राक्षाचे नाव असते. हिच्यावर मात्र ग्रनाश, सिरा आणि मूर्वेद्र अशी तीन नावे आहेत. अशी मिसळ म्हणजे हलका माल समजावा काय? आणि सावजी मटणाबरोबर ती जमेल काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मिसळ केली म्हणून वाइन हलकी ठरत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात हीच रीत आहे. तिथल्या शातोनफ-द्यु-पाप या नामांकित गावाच्या वाइनला तर तेरा जातींची द्राक्षे वापरण्याची मुभा आहे. ग्रनाशला ऊन मानवते. त्यात साखर भरपूर उतरते, त्यामुळे मद्यार्क चढा राहतो आणि चवीला पिकलेल्या स्ट्रॉबेरी-रासबेरीचा गोडसर भरीवपणा येतो. पण त्याचा रंग फिका असतो, तुरटपणा बेताचा असतो आणि हवा लागली की ते लवकर उतरते. ही उणीव इतर दोघे भरून काढतात. सिरा गडद जांभळा रंग आणि मिरीचा वास देते, तर उशिरा पिकणारे मूर्वेद्र तुरटपणा आणि चामड्यासारखा रानटी गंध आणून वाइनला टिकाऊपणा देते. ग्लास किंचित फिरवून हुंगल्यास त्या माळरानावरच्या थाइम आणि रोझमेरीसारखा सुकलेल्या वनस्पतींचा वासही पुष्कळदा येतो, आणि माझ्या मते या वाइनची खरी ओळख तीच आहे.

सिरामधला मिरीचा वास ज्या रोटंडोन नावाच्या घटकामुळे येतो, तोच घटक काळ्या मिरीतही असतो. त्यामुळे मिरी घातलेल्या सावजी रश्शाशी या वाइनची गट्टी जमेल असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण मिरचीची आहे. मद्यार्काने तिखटाची आग वाढते, तुरटपणाने तोंड अधिकच कोरडे पडते, आणि शेवटी ना रश्शाची चव धड लागते ना वाइनची. म्हणून सावजीचा बेत वेगळ्या दिवशी ठेवावा आणि या बाटलीसोबत मिरी, लसूण व मीठ लावून भाजलेले मटण करावे. शाकाहारी मंडळींसाठी कमी तिखटाचे भरले वांगे चालेल.

लाल वाइन घरातल्या तापमानालाच प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. ही वाइन साधारण १६ ते १८ अंशांना चांगली लागते, आणि मे महिन्यातल्या नागपुरात कूलर लावलेली खोलीसुद्धा त्याहून बरीच गरम असते. तशा उष्ण खोलीत ओतल्यास आधी मद्यार्काचाच भपकारा नाकात जातो आणि फळाचा वास मागे पडतो. म्हणून बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवून मगच उघडावी. उरल्यास बूच घट्ट लावून पुन्हा फ्रीजमध्येच ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.