क्सिस्टस म्हणजे खेळाडूंची ओवरी की बागेतली वाट?

'क्सिस्टस' या लॅटिन शब्दाचा अर्थ एका कोशात 'व्यायामशाळेतील छप्पर असलेली ओवरी' असा, तर दुसऱ्यात 'बागेतील उघडी वाट' असा दिलेला आहे, त्यांपैकी खरा कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही खरे आहेत. पहिला ग्रीकांचा आणि दुसरा रोमन लोकांचा.

ग्रीक भाषेत 'क्सिस्टोस' म्हणजे खरवडून गुळगुळीत केलेला. हिवाळ्यातही धावपटूंचा सराव चालू राहावा म्हणून व्यायामशाळेत खांबांची लांबलचक ओवरी बांधत, आणि तिच्यातील जमीन खरवडून सपाट केलेली असल्यामुळे हे नाव पडले असे मानतात. ग्रीसमधील एलिस नगरातील क्सिस्टोसविषयी प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो की पुराणकथांतील वीर हेराक्लीस अंगमेहनत म्हणून तेथले काटे रोज खरवडून काढत असे. ही अर्थात दंतकथाच. या ओवरीला लागून उघडी धावपट्टी असे व तिला 'पॅराड्रोमिस' म्हणत. ग्रीसमधील डेल्फी येथे दोहोंचे अवशेष शेजारी शेजारी आहेत.

घोटाळा सुरू होतो तो याच शेजारामुळे. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्यायामशाळेचे वर्णन करताना सांगतो की ग्रीक ज्या उघड्या वाटांना पॅराड्रोमिस म्हणतात, त्यांनाच आमचे लोक 'क्सिस्टा' म्हणतात. त्या वाटा झाडीतून, विशेषतः चिनार वृक्षांमधून जाव्यात, अशीही त्याची सूचना आहे. म्हणजे छपराखालच्या जागेचे नाव रोमन तोंडी शेजारच्या उघड्या, सावलीच्या वाटेला चिकटले, आणि तेथून ते श्रीमंतांच्या बागेत शिरले. रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या, रोमजवळच्या लॉरेन्टम येथील हवेलीतला क्सिस्टस व्हायोलेटच्या फुलांनी दरवळतो. तेथे धावपटूंचा मागमूसही नाही.

सहाव्या खंडात विट्रुव्हियस अशा आणखी शब्दांची नोंद करतो. ग्रीकांचा 'अँड्रोन' म्हणजे पुरुषांच्या मेजवानीचे दालन, पण रोमन लोक तोच शब्द दोन चौकांमधल्या बोळाला लावत. रूढ नावे बदलण्याचा आग्रह मात्र तो धरत नाही, आणि हा त्याचा समंजसपणा मला फार आवडतो.

तरीही मूळ अर्थ लॅटिनमधून पुसला गेला नाही, कारण रोमन चरित्रकार स्युटोनियस खेळाडूंना 'क्सिस्टिकी' म्हणतो. म्हणून लॅटिन मजकुरात घराचे किंवा हवेलीचे वर्णन चालू असेल तर उघडी वाट अथवा बाग समजावी, आणि विषय खेळाडूंचा असेल तर आधी ओवरीचा अर्थ लावून पाहावा.