तक्त्यात ‘आययूएफ’ दिसलं म्हणून सपोर्ट लेगवाली सीट बसवू नका

ताई, तुमचं लेकरू साडेआठ किलोचं. त्याची कार सीट मागे तोंड करून बसवायची, आयसोफिक्स (गाडीतल्या पक्क्या दांड्यांना थेट अडकणारी) आणि सपोर्ट लेगवाली (गाडीच्या तळावर टेकणारा पाय असलेली). गाडीच्या मॅन्युअलमधल्या चाइल्ड सीटच्या तक्त्यात ‘आययूएफ’ लिहिलंय, सीटच्या पुस्तिकेत ‘सेमी-युनिव्हर्सल’ (म्हणजे ठरावीक गाड्यांतच चालणारी), आणि खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं आहे. म्हणूनच पुढचं तपासेपर्यंत ती सीट वापरू नका.

‘आययूएफ’ची परवानगी फक्त समोर तोंड असलेल्या युनिव्हर्सल (ठरावीक गाड्यांपुरती नसलेल्या) सीटला असते, तीही टॉप टेदर (सीटच्या वरच्या बाजूचा पट्टा) लावून. तो शेरा तुम्ही बहुतेक ९ ते १८ किलोच्या ओळीत वाचलाय. तुमची ओळ वरची, १३ किलोपर्यंतची. तिथे ‘आयएल’ असेल तर ठरावीक सीटच चालतात. मग सीट कंपनीच्या गाड्यांच्या यादीत तुमचं मॉडेल, वर्ष आणि नेमकी जागा (डावी की उजवी) शोधायची. यादीत नसेल तर नाही म्हणजे नाही. कारण साधं आहे: धडकेत लेगचा भार गाडीच्या तळावर येतो आणि तळ प्रत्येक गाडीचा वेगळा. पायाखाली झाकणाचा स्टोरेज कप्पा असेल तर लेग त्यावर टेकवायचाच नाही. कप्प्याबद्दल मॅन्युअलमध्ये वेगळी सूचना असते, ती शोधा.

त्या ओळीत ‘एक्स’ (म्हणजे चालत नाही) दिसला तरी लगेच सीट परत करायला धावू नका. बेल्टचा तक्ता वेगळा असतो, बऱ्याचदा एक-दोन पानं सोडून. तिथे ‘यू’ असेल तर बेल्टने बसणारी युनिव्हर्सल सीट चालते. मात्र तुमच्या सीटला बेल्टची मान्यता हवी. काही आयसोफिक्स सीट बेल्टने बसवताच येत नाहीत.

अपवाद एकच. मॅन्युअलमध्ये त्या जागेला ‘आय-साइझ’ (चाइल्ड सीटचं उंचीवर आधारलेलं मानक) लिहिलं असेल आणि सीटवरही तोच शिक्का असेल, तर लेगसकट बसते. तिथे वजनाच्या ओळीऐवजी उंची बघायची, आणि १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच.

आता थोडं मनातलं. आमच्याकडच्या एका शोरूमच्या काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आयसोफिक्स हाय ना, मग कोणतीबी बसते.’ तक्त्याचं पान पुढे केलं तरी ते उघडून बघत नाहीत. सगळ्यात महाग पडलं ते हे वाक्य, कारण खोकं फोडलेली सीट दुकानदार परत घेत नाही. लेखी द्या म्हटलं की मात्र साहेब जेवायला गेलेले असतात. माझं मत विचाराल तर खरेदीआधी मॅन्युअलच्या दोन्ही पानांचे फोटो सीट कंपनीला पाठवून लेखी उत्तर घ्या. मी काही प्रमाणित फिटर नाही, शेवटचा शब्द त्या दोन पुस्तिकांचाच.

पुढे समोर तोंड करून बसवाल तेव्हा टेदर डिकीतल्या सामानाच्या हुकाला अडकवू नका, तो त्या ओढीसाठी नसतो. नांगराचं चिन्ह असलेली जागा शोधा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये ती मागच्या सीटच्या पाठीला असते. सीएनजीची टाकी असेल तर तिथे हात पोचतो का, हे आधीच बघा.

आणि रेक्झिनचे सीट कव्हर! आपल्याकडे नवी गाडी आली की आधी कव्हर. शिवताना आयसोफिक्सच्या फटी झाकल्या जातात, मग लोक कव्हरवरूनच कनेक्टर दाबतात. टक् आवाज आला तरी विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंचा हिरवा इंडिकेटर बघा आणि सीट ओढून बघा. आतल्या दोन्ही दांड्या, मध्ये २८ सेंटिमीटर अंतर, बोटाला लागल्याच पाहिजेत. नसतील लागत तर त्या जागेवरचं कव्हर काढूनच टाका.

मे महिन्यात गाडी उन्हात उभी करताना सीटवर पंचा टाकत जा, बकलच्या लोखंडाने लेकराला चटका बसतो.