७७७ देऊनही वर्डप्रेसचा प्लगइन अपडेटला एफटीपीचा पासवर्ड का मागतो?

आधी ते ७७७ काढा, मग पुढचं बोलू. सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला त्या फोल्डरमध्ये काहीही लिहिता येतं अशी ती फाइल-परमिशनची सूट आहे, आणि तुमचा प्रश्न तिने सुटतही नाही.

अपडेटचं बटण दाबलं की एफटीपीचा (सर्व्हरवर फाइल्स चढवण्याच्या पद्धतीचा) लॉगिन फॉर्म येतो, डब्ल्यूपी-कंटेंटला (प्लगइन-थीम्सच्या फोल्डरला) ७७७ दिलं तरी येतो, असं तुम्ही लिहिलंय. येणारच. फॉर्म दाखवायचा की नाही हे ठरवताना वर्डप्रेस परमिशनच्या आकड्यांपेक्षा मालक बघतं. डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये ते एक तात्पुरती फाइल बनवतं आणि तिचा मालक स्वतःच्या डब्ल्यूपी-ॲडमिन फोल्डरमधल्या एका फाइलच्या मालकाशी ताडून पाहतं. जुळला तर थेट लिहितं, नाही जुळला तर एफटीपी मागतं. तात्पुरती फाइल पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ज्या युजरखाली चालतं त्याच्या नावावर पडते. उबुंटूवर तो बहुधा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. तुम्ही फाइल्स चढवल्यात स्वतःच्या लॉगिनने. मग जुळणार कसं?

फक्त प्लगइन्स फोल्डरचा मालक बदलून पाहिला आणि काही झालं नाही, असं सांगणारे बरेच भेटतात. त्याचंही कारण हेच, तुलनेतली दुसरी फाइल त्या फोल्डरच्या बाहेर आहे.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर चाऊन (chown) कमांडने अख्ख्या वर्डप्रेस फोल्डरचा मालक पीएचपीचा युजर करा, फोल्डरना ७५५ आणि फाइल्सना ६४४ द्या, म्हणजे लिहिण्याची मुभा फक्त मालकाला. शेअर्ड होस्टिंगवर मालक बदलता येत नाही, तिथे होस्टिंगवाल्यांना सांगून पीएचपी तुमच्याच खात्याखाली चालवून घ्या. मला विचाराल तर स्वतःच्या सर्व्हरवरही हाच मार्ग जास्त चांगला. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये (wp-config.php) एफएस_मेथड (FS_METHOD) 'डायरेक्ट' लिहिण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल. त्याने ती तुलना टळते, फॉर्म गायब होतो. पण पीएचपीला लिहिण्याची मुभाच नसेल तर फॉर्मऐवजी 'फोल्डर तयार करता आला नाही' असा एरर हातात पडतो.

बाकी सगळे प्लगइन अपडेट होतात आणि एकच अडतो, असं असेल तर त्या एका फोल्डरचा मालक बघा. माझ्याकडे तो रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर, निघाला होता. डब्ल्यूपी-सीएलआय (कमांड लाइनवरून वर्डप्रेस हाताळायचं साधन) रूट म्हणून चालवू नका असं ते स्वतः बजावतं. मी घाईत 'अलाउ-रूट' जोडून प्लगइन टाकला आणि विसरलो. पुढचं अपडेट डॅशबोर्डवरून केलं तेव्हा 'जुना प्लगइन काढता आला नाही'. मालक पुन्हा बदलल्यावर मिनिटभरात काम झालं, शोधण्यात मात्र संध्याकाळ गेली.

अपडेटचं बटणच दिसत नसेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे फाइल्सना हात लावू नका. एडिटर रोलला प्लगइनचा मेनूच नसतो. मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसमध्ये अनेक साइट्स) अपडेट फक्त सुपर ॲडमिन करू शकतो. आणि कॉन्फिगमध्ये डिसअलाउ_फाइल_मॉड्स (DISALLOW_FILE_MODS, फाइल बदलांना बंदी) चालू असेल तर ॲडमिनलाही ते बटण दिसत नाही.

या झटापटीत साइट 'मेंटेनन्स'मध्ये अडकून बसली असेल, तर मुख्य फोल्डरमधली, नावाआधी टिंब असलेली 'मेंटेनन्स' नावाची फाइल काढून टाका. ती लपलेली असते, एफटीपी प्रोग्रॅममध्ये लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागेल.

एवढं करूनही फॉर्म आलाच, तर डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-कंटेंट या दोन्ही फोल्डरचे मालक इथे लिहा, आणि पीएचपी कोणत्या युजरखाली चालतंय तेही.