वहीतला ‘का?’

“मुलगी अकरावी सायन्सला आहे. सीईटीचा क्लास लावलाय, पण रात्री ती संख्यांचे मूळ अवयव पाडून चौकटीत मांडत बसते. वही काढून घेऊ का? यात पोट भरण्यासारखं काही आहे का?” – एक पालक, कराड

नमस्कार,

वही काढून घेऊ नका. तुम्ही पाठवलेला पानाचा फोटो मी दोनदा बघितला.

तिचा नियम असा: मूळ अवयव ओळींत मांडायचे, पण उजवीकडे किंवा खाली जाताना संख्या वाढता कामा नये, आणि खालची ओळ वरचीपेक्षा लांब नको. १२ म्हणजे ३, २, २. तिथे तीन मांडण्या होतात: सगळे एका आडव्या ओळीत, सगळे एकाखाली एक, किंवा वर ३, २ आणि ३ च्या खाली २. १८ म्हणजे ३, ३, २, तिथे चार. दोन्हींत एक अवयव दोनदा आणि एक एकदाच, तरी उत्तर वेगळं. तिने तिथे लाल पेनाने ‘का?’ लिहिलंय. (१२ मध्ये ३ वरच्या डाव्या कोपऱ्यात बसला की दोन्ही २ सारखेच उरतात. १८ मध्ये ३ आणि २ उरतात, त्यांची अदलाबदल करता येते.) क्लासमध्ये प्रश्न दिलेला असतो, हा तिला स्वतःला पडला, आणि मला याचंच मोल जास्त वाटतं.

गणितात या मांडण्यांना प्लेन पार्टिशन म्हणतात. त्यांच्या मोजणीचं सूत्र ब्रिटिश तोफखान्यातले अधिकारी पर्सी मॅकमहोन यांनी दिलं. तिला सांगा, २, ३, ५, ७ ऐवजी त्यांचे क्रमांक १, २, ३, ४ लिही. म्हणजे १२ चे ३, २, २ होतील २, १, १, बेरीज ४. क्रमांकांची बेरीज ४ येणाऱ्या संख्या पाचच: ७, ९, १०, १२, १६. त्यांच्या मांडण्या १, २, २, ३, ५. बेरीज १३, आणि ४ ची प्लेन पार्टिशन्सही (म्हणजे बेरीज ४ येणाऱ्या अशा सगळ्या मांडण्या) नेमकी तेराच!

आता पोटाचं. बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.मॅथ ही गणिताची पदवी आहे, विद्यावेतनही मिळतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र शिकता येतं. पुण्याच्या आयसरला (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. पहिल्या दोन्हींच्या प्रवेश परीक्षेत नुसतं उत्तर पुरत नाही, सिद्धता लिहावी लागते, आणि ती सवय आतापासूनच लावायला हवी. पुढे संशोधन, अध्यापन, सांकेतिकीकरण (माहिती गुप्त ठेवण्याचं तंत्र), विमागणित, डेटाची कामं आहेत. संशोधनात स्थिर व्हायला पीएचडी धरून बरीच वर्षं जातात, हे घरात आधीच बोलून ठेवा. सीईटी सोडू नका; बारावीचे मार्क लागतीलच. वहीसाठी रोज एक तास ठरवून द्या, आणि त्या तासात तिला हाक मारू नका.

आणखी एक. फोटोत ३६ समोर तिने ७ लिहिलेत. माझ्या मोजणीत ८ येतात. दोन-दोनच्या दोन ओळींत ३, २ च्या खाली पुन्हा ३, २ ही मांडणी सुटली आहे. कोणती ते सांगू नका. एक कमी आहे एवढंच सांगा, ती शोधेल.